आज मोती आहेत

पृथ्वीलाही हृदय आहे, ते धडधडतं, आणि त्या धडधडीशी माणसाच्या हृदयाची तार जुळलेली आहे, हे ज्या दिवशी मानवजातीला कळलं तो दिवस इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं भाटकोंडच्या भूचुंबकीय केंद्राचे संचालक डॉ. त्र्यंबक निमकर म्हणाले. प्रत्यक्षात तो पितळी अक्षरांनी लिहिला गेला. केंद्राच्या आवारात लोखंड चालत नाही, आणि सोन्याला वरून मंजुरी नव्हती. फाटकाशेजारच्या भिंतीवर फलक बसवला, त्याला हार घातला, आणि मंडळी बटाटेवड्यांकडे वळली.

टाळ्या वाजवणाऱ्यांत विदुला घैसास होती. फलकावरचं वाक्य तिला पटलेलं नव्हतं. पण टाळ्यांचा आणि पटण्याचा काही संबंध नसतो, एवढं सरकारी नोकरीत तिला केव्हाच कळून चुकलं होतं.

भाटकोंड म्हणजे खाडीकाठची एक बोडकी टेकडी. आसपास रेल्वे नाही, कारखाना नाही, म्हणून कुणा दूरदृष्टीच्या माणसाने पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला ही जागा पसंत केली. तेव्हापासून तिथे लोखंडाचं सोवळं आहे. मोजणीच्या खोल्यांना पितळी बिजागऱ्या, छपराला तांब्याचे खिळे. फाटकावर पाडावे नावाचे पहारेकरी लाकडी परात घेऊन बसतात आणि येणाऱ्याकडून किल्ल्या, पट्टे, नेलकटर काढून घेतात. बायका साडीला पितळी पिना लावतात. विदुलाच्या नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, रक्तवाहिनीत स्टेंट बसवला तेव्हा निमकर शहाळी घेऊन भेटायला आले. आस्थेने बोलले. उठता उठता त्यांनी हळूच विचारलं, "ती आतली जाळी कशाची असते हो? नाही, सहज. कधी मोजणीच्या खोलीकडे यायचं झालं तर…"

दुसरं सोवळं अखंड नोंदीचं. देवापुढची समई विझू नये तशी इथली नोंद तुटू द्यायची नाही. वीज पडो, वादळ होवो, खार वायर कुरतडो, आलेखाच्या रेघेत भोक दिसता कामा नये. पूर्वी लोक पेन्सिलीने रेघ जोडून द्यायचे. विदुलाने त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव 'पूरक'. कुठे मोजमाप तुटलं की पूरक जुन्या नोंदींतून साजेसा तुकडा उचलायचा, भोकात बसवायचा आणि बाजूच्या रकान्यात बारीक अक्षरांत तसं लिहून ठेवायचा. पाच-दहा मिनिटांच्या खंडासाठी सोय उत्तम होती. तो बाजूचा रकाना पडद्यावर दाखवायची पद्धत नव्हती, कारण त्यामुळे आलेखाची शोभा जायची.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढची भीती कळणार नाही.

पृथ्वीभोवती चुंबकीय रेषांचा एक अवाढव्य पिंजरा आहे. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत येतो आणि त्या पिंजऱ्यावर आपटतो. मग रेषा तानपुऱ्याच्या तारांसारख्या थरथरतात. काहींचा एक हेलकावा काही मिनिटांचा, काहींचा सेकंदाचा. सेकंदाला एखाद-दुसरा ठोका, अशी जी बारीक थरथर असते ती पुष्कळदा गुच्छागुच्छांनी येते. आलेखावर ओवलेल्या माळेसारखी दिसते. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ तिला 'मोती' म्हणतात. आपल्याकडे जमिनीवर ते सहसा पोचत नाहीत, म्हणून वर 'वीणा' नावाचा उपग्रह सोडलेला होता. तो त्याच्यावरच्या चुंबकमापकाने मोती टिपायचा आणि केंद्रावरून जाताना खाली पाठवायचा.

मोत्यांचा जोर किती? फ्रीजच्या दाराला चिकटवायचं ते चुंबकाचं फुलपाखरू याच्या कोटीपट तरी जोरदार असतं. पण फुलपाखरू सेकंदाला एकदा धडधडत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी डॉ. रुबिना मुकादम म्हणून हृदयविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी कितीतरी वर्षांचे झटके आणि मोती शेजारी ठेवून पाहिले. मोत्यांच्या दिवशी शंभराच्या जागी एकशेदोन झटके येतात, असं त्यांना दिसलं. त्यांनी एक सावध निबंध लिहिला. त्यात 'कदाचित' हा शब्द पावलोपावली होता. निमकरांनी तो निबंध 'कदाचित' गाळून वाचला.

दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिला इशारा गेला. राज्यातल्या प्रत्येक फोनवर एक खोल 'टुंग' आवाज झाला आणि अक्षरं उमटली: 'आज मोती आहेत. हृदयविकार असलेल्यांनी विश्रांती घ्यावी. घाबरू नये.'

लोकांच्या पाचावर धारण बसली ती शेवटच्या दोन शब्दांनी.

---

श्रीरंग तालुक्याच्या शाळेत पोहणं शिकवायचा. ओहोटीला खाडी ओलांडून पलीकडे चहा पिऊन परत येणारा माणूस. गेल्या एक मे रोजी, केंद्रातलं झेंडावंदन आटोपून घरी येताना, पायऱ्यांवरच तो छाती धरून बसला. योगायोग असा, की त्याच सकाळी वीणाने आजवरची सर्वांत मोठी मोत्यांची माळ टिपली होती. मुकादमबाईंच्या निबंधातली पहिली आकृती तीच. ठसठशीत मणी, फक्त पाचवा मधोमध चिरल्यासारखा अर्धा. श्रीरंगने तिची प्रत चौकटीत घालून कपाटावर ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "ही माझी माळ. लोकांच्या नावाने रस्ते असतात."

तेव्हा तो अजून थट्टा करायचा.

इशारा पाठवायला माणसाची संमती लागे. यंत्रावर सगळं सोपवू नये, जबाबदारी कुणा माणसाची असावी, असं निमकरांचं मत होतं. तो माणूस आपण नसावा, हेही. त्यामुळे ड्यूटीवर असलेल्याने पडद्यावरचं 'मान्य' दाबायचं. बहुतेक वेळा ते विदुलाच दाबायची. टेकडीवर तिने बोट टेकवलं की टेकडीखाली वसाहतीतल्या घरात टुंग वाजायचं, आणि श्रीरंग तिला निरोप पाठवायचा.

पहिल्या वेळी त्याने लिहिलं, "मिळाला. पडलोय. चहा कोण करणार?"

दिवाळीनंतर नुसतं "मिळाला. पडलोय."

मग "मिळाला."

संसारात संवाद राहिला नाही अशी तक्रार बायका करतात. विदुलाला तसं म्हणता येईना. संवाद रोजचा होता, अधिकृत होता, आणि सरकारी खर्चाने होता.

नाताळच्या सुमारास शेजारचे दळवी गेले. दळवी केंद्रात हिशेब बघायचे. नखाला चुना लागला तरी डॉक्टरकडे जाणारा माणूस. संध्याकाळी श्रीरंगच्या ओट्यावर दोघं कॅरम खेळत बसले होते. दोन्ही फोन एकदम वाजले. दळवी स्ट्रायकर ठेवून उठले.

"मी आपला घरी जाऊन पडतो हो, घैसास. क्वीन माझी आहे, लक्षात ठेवा."

"पडा, पडा. मीही पडतो."

दळवी स्वतःच्या अंगणापर्यंत पोचले. तुळशीपाशी वाकले, जणू काही पडलेलं उचलतायत, आणि मग उठलेच नाहीत. श्रीरंग ओट्यावरून हे सगळं बघत होता. फोन त्याच्या हातातच होता.

त्या दिवसापासून तो घराबाहेर पडायचा बंद झाला. इशारा आला की पलंगावर डाव्या मनगटावर बोटं ठेवून छताकडे बघत पडायचा. इशारा नसला की इशाऱ्याची वाट बघत पडायचा. चेहरा पिठासारखा झाला. विदुला भाकरी थापताना ताट खाली आपटलं तरी आतून आवाज यायचा, "विदू! वाजलं का?"

"नाही रे. ताट."

"नक्की?"

"फोन तुझ्या उशाशी आहे, श्री. तुला आधी कळेल का मला?"

"तुलाच," तो म्हणायचा. "तूच पाठवतेस."

तो हे रागाने म्हणत नसे. त्यामुळे ते जास्त लागायचं.

बाहेर जग मोत्यांप्रमाणे चालू लागलं होतं. लग्नाच्या तारखा बिनमोत्याच्या बघून धरायचे. शाळेत धावण्याच्या शर्यती रद्द. बसमध्ये टुंग वाजलं की ड्रायव्हर गाडी कडेला घ्यायचा आणि सगळी बस आपापली मनगटं धरून बसायची. कुणाचा तरी बाप, कुणाची तरी मावशी प्रत्येक इशाऱ्याला जात होती. निमकरांच्या दालनातला आलेख चढत होता. एकशेदोनचे एकशेदहा झाले, एकशेवीस झाले, उन्हाळ्यापर्यंत एकशेचाळीस.

"सहसंबंध काय सुंदर वाढतोय!" निमकर म्हणाले.

निसर्गातली गोष्ट अशी वाढत नाही. तिने मुकादमबाईंना फोन लावला.

"तेच मी रोज सांगते आहे," बाई म्हणाल्या. "शंभराला दोन होते हो. तेही कदाचित. आता माझ्याकडे पेशंट येतात ते फोन मुठीत धरून येतात. स्ट्रेचरवर घेतलं तरी मूठ सुटत नाही."

"आणि आमचे हे?"

"त्यांचं हृदय तसं ठीक आहे. पण अशी धडकी रोज भरायला लागली तर मी कशाचीही खात्री देणार नाही. पुढची मोठी धडकी शेवटची असू शकते, घैसासबाई. स्पष्ट सांगते."

विदुलाने आठवडाभर आकडे उपसले. वीणा केंद्रावरून जाते तेव्हाच तिच्याकडची माहिती खाली येते. म्हणजे मोती येऊन गेल्यावर कधी तासाभराने, कधी तीन तासांनी इशारा जायचा. हे जनतेला सांगितलेलं नव्हतं. विदुलाने मोत्यांची वेळ आणि मरणाची वेळ ताडून पाहिली. काही जुळेना. मग इशाऱ्याची वेळ आणि मरणाची वेळ ताडून पाहिली. जुळलं. इतकं जुळलं, की तिने खुर्ची मागे सरकवली आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत बसली.

"सर, मोती पडतात तेव्हा कोणी मरत नाही. इशारा वाजला की मरतात."

"म्हणजे परिणाम उशिराने होतो," निमकर म्हणाले. "यावर वेगळा निबंध होईल."

"सर, लोक घाबरून मरतायत."

"आपण स्पष्ट लिहिलंय, घाबरू नये."

"ते वाचूनच घाबरतात, सर."

निमकरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसायचे. "बसा. समजा, उद्या आपण इशारे बंद केले. परवा एक माणूस गेला. त्याची बायको टीव्हीवर येऊन म्हणाली, मोती होते, यांना माहीत होतं, आणि यांनी सांगितलं नाही. तिला मी कुणाचं नाव सांगू? तुमचं?"

विदुला खुर्चीच्या कडेला बसली.

"मलाही झोप लागत नाही," निमकर हळूच म्हणाले. "मला स्वतःला रक्तदाब आहे. टुंग वाजलं की मीसुद्धा मनगट धरतो. पण सुरू केलेली गोष्ट थांबवायची कशी, याचा नियमच नाही आपल्याकडे."

---

एक मे उजाडला. विदुला उठली तेव्हा श्रीरंग पलंगावर बसूनच होता.

"विदू, आज वर्ष झालं."

"मग? केक आणायचा का?"

तो हसला नाही. "आज ते येणार. मला आतून वाटतंय. गेल्या वर्षी अर्धं राहिलेलं काम आहे."

विदुलाने कपाटावरची चौकट उचलली आणि पालथी घातली. त्याच्या समोर बसली. "हे बघ. आज ड्यूटीवर मी आहे. राज्यात सगळ्यांत आधी मला कळणार. दहाला वीणा जाते. त्यानंतर अर्ध्या तासात फोन वाजला नाही तर आज मोती नाहीत. मग तू उठायचं, टॉवेल घ्यायचा, आणि खाडीवर जायचं."

"पोहायला?"

"नाही, कोळंबी निवडायला. पोहायलाच. भरती आहे."

त्याने पालथ्या चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाजला नाही तर जाईन. शब्द आहे ना तुझा?"

"आहे."

सुट्टीमुळे केंद्र ओस होतं. झेंडावंदन उरकून निमकर तालुक्याच्या समारंभाला गेले होते. विदुलाने पाडाव्यांच्या परातीत किल्ल्या टाकल्या, आत जाऊन पडद्यासमोर बसली. दहा वाजले. वीणा आली आणि गेली. पडद्यावर रेघ उमटायला लागली.

पहिला मणी. दुसरा. ठसठशीत. तिसरा, चौथा.

पाचवा मधोमध चिरल्यासारखा अर्धा.

ही माळ तिने वर्षभर रोज कपाटावर पुसली होती. हीच ती. आकाशातली एक थरथर, जी एकदा येऊन विरून गेली, ती बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, तोच तुटका मणी घेऊन परत आली होती. असं होत नाही. समुद्राची एक लाट वर्षाने तशीच्या तशी परत येत नाही. चुंबकत्वाच्या कुठल्याही पुस्तकात असं लिहिलेलं नव्हतं. श्रीरंगचे शब्द मात्र तिच्या कानात घुमत होते. अर्धं राहिलेलं काम.

पडद्यावर दोन चौकोन आले. मान्य. अमान्य.

मान्य दाबलं तर टुंग वाजेल. आज, या तारखेला, ही माळ. ती धडकी शेवटची ठरेल, हे मुकादमबाईंनी सांगून ठेवलं होतं. अमान्य दाबलं तर तो टॉवेल खांद्यावर टाकून खाडीत उतरेल. आणि मोत्यांत खरंच काही असलं तर? आपले सगळे आकडे चुकीचे असले, निमकर मूर्ख असूनही बरोबर असले तर? मग तिच्या शब्दावर विसंबून तो खोल पाण्यात असेल, आणि ते त्याला तिथे गाठेल.

शिवाय तो एकटा नव्हता. राज्यात त्याच्यासारखे लाखो होते, आणि त्यांच्या बायकांना दहाची वेळ माहीत नव्हती.

यंत्राने एकदा आठवण केली. साडेदहाच्या सुमारास दुसऱ्यांदा केली. विदुलाने अमान्य दाबलं.

यंत्राने कारण विचारलं. तांत्रिक बिघाड, चाचणी, इतर. तांत्रिक बिघाड लिहिणं खोटं ठरलं असतं. खोटी नोंद तिने जन्मात केली नव्हती. तिने 'इतर' निवडलं आणि उठून धावत सुटली.

"मॅडम, किल्ल्या!" पाडावे परात घेऊन मागे धावले. तिने वळून पाहिलं नाही.

टेकडीची वाट उतरताना दगड निसटत होते. खाडीवरचा धक्का दिसला. धक्क्यावर चपला होत्या, जोडीने, नीट ठेवलेल्या. शेजारी घडी घातलेला टॉवेल. पाणी काठोकाठ भरलेलं, गुळगुळीत, आणि त्यावर कोणी नाही.

"श्री!"

पलीकडच्या काठावरून एक बगळा उडाला.

तिने वर पाहिलं. निळंभोर, निर्दोष आकाश. तिथे काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, हे ती शाळेतल्या मुलांना सहलीत हसत हसत सांगायची. आता त्या न दिसण्याचीच भीती वाटत होती. तिने पुन्हा हाक मारली. आपण शब्द दिला होता, एवढंच तिला आठवत होतं.

बांधून ठेवलेल्या होडीच्या मागून एक डोकं बाहेर आलं. फुर्रकन पाणी उडवलं, आणि सावकाश हात मारत धक्क्याकडे येऊ लागलं.

श्रीरंग निथळत वर चढला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या तोंडावर रंग होता. "तू इथे? ड्यूटी?"

"जेवायची सुट्टी."

"पावणेअकराला?"

तिने टॉवेल उचलून त्याच्यापुढे धरला. त्याचा चेहरा बदलायला लागला. "विदू. मोती आहेत का?"

"नाहीत."

त्याने तिचं मनगट धरलं. सवयीने बोटं नाडीवर गेली. "माझं ठीक आहे गं. तुझीच पळतेय."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. टुंग नव्हे, साधी घंटी. एक तरुण, सभ्य आवाज. "नमस्कार मॅडम, वीणा नियंत्रण कक्षातून सुकृत बोलतोय. तुम्ही आज इशारा अमान्य केलात, कारण 'इतर'. तसं असलं की नियमाप्रमाणे विचारावं लागतं. आमच्याकडून आलेल्या माहितीत काही गडबड होती का?"

"चुंबकमापकाच्या माहितीत…" विदुला म्हणाली. "म्हणजे, माळ जरा…"

"चुंबकमापकाचं नसणार, मॅडम. तो बंद आहे ना."

"काय बंद आहे?"

"चुंबकमापक. वीणावरचा. बंद पडलाय. आम्ही कळवलं होतं. तुमच्या केंद्राकडून लगेच उत्तरही आलं: 'नोंद अखंड आहे, काळजी नसावी.'"

"ते उत्तर आपोआप जातं," विदुला म्हणाली. "मग आम्हाला काय येतंय?"

"आमच्याकडून बॅटरी आणि तापमान जातं. बाकी तुमचं तुम्हाला माहीत."

"कधीपासून बंद आहे?"

"बघून कळवतो हं. आज सुट्टी आहे, ज्यांच्याकडे ते असतं ते गावी गेलेत."

विदुला धक्क्यावर बसली. पूरक. साजेसा तुकडा. साजेसा म्हणजे कुठला, हे तिनेच ठरवलं होतं: गेल्या वर्षी त्याच तारखेचा, त्याच वेळचा. खंड किती लांबला की थांबायचं, हे लिहायचं राहून गेलं होतं, कारण भाटकोंडला खंड पडतच नाही. पूरक निष्ठेने भोक बुजवत राहिला होता. आकाशातून काही परत आलेलं नव्हतं. तिचाच प्रोग्रॅम तिला गेल्या वर्षीची माळ दाखवत होता.

---

दुसऱ्या दिवशी निमकरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "पण नोंद अखंड आहे ना?"

"आहे, सर."

"मग असं करू. इशारे हळूहळू कमी करत जाऊ. एकदम बंद केले तर लोक घाबरतील."

विदुला बाहेर आली आणि तिने मुकादमबाईंना फोन केला. त्या संध्याकाळपर्यंत ती बातमी टीव्हीवर होती.

श्रीरंगला मात्र तिने स्वतःच सांगितलं, बातम्यांच्या आधी, ओट्यावर, कॅरमबोर्डाशेजारी.

"म्हणजे दळवी गेले त्या दिवशी वर काहीच नव्हतं?"

"असेल किंवा नसेल. बाजूच्या रकान्यात त्या दिवशीही पूरकच आहे. बघणारं कोणी नव्हतं."

"इशारा कोणी पाठवला होता?"

"मी."

तो बोर्डावरची क्वीन बोटाने फिरवत राहिला. "आणि मला गेल्या वर्षी जे झालं ते? तेव्हा तर खरे मोती होते."

"होते. आणि तुझ्या दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या होत्या."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात टुंग वाजलं. टेकडीवर दुसऱ्या कुणाची तरी ड्यूटी होती, आणि बंद करण्याचा आदेश अजून निघायचा होता. आज मोती आहेत. घाबरू नये.

श्रीरंगच्या तोंडावरचा रंग पुसल्यासारखा गेला. बोटं मनगटावर गेली. ओठ निळसर झाले, कपाळावर घाम फुटला. विदुलाने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्याच्या छातीतली धडधड तिला स्वतःच्या छातीत लागत होती.

"श्री, काही नाहीये. तुला माहितीये ना, काही नाहीये."

"मला माहितीये," तो धापा टाकत म्हणाला, आणि त्याने छातीकडे बोट केलं. "याला माहीत नाही."

बऱ्याच वेळाने त्याचा श्वास खाली बसला. तोवर विदुलाने हात सोडले नव्हते. मग तिने त्याचा फोन उचलला आणि बंद केला. त्याने अडवलं नाही. पण बंद पडद्याकडे तो बघत राहिला.

पुढे चौकशी समिती नेमली गेली. समितीने वडे खाल्ले, मोजणीच्या खोल्या पाहिल्या, आणि नोंदीच्या अखंडतेबद्दल समाधान व्यक्त केलं. एक मेला, म्हणजे इशारा गेला नाही त्या दिवशी, राज्यात किती माणसं दगावली, असं विदुलाने विचारलं. ते कोणी मोजलं नव्हतं. इशारा नसलेल्या दिवसांची मोजणी करायची पद्धत नव्हती. फलक काढायचा ठराव झाला, पण त्याचे स्क्रू पितळी होते आणि पितळी स्क्रू काढायला लोखंडी पेचकस आत आणता येईना, म्हणून तो राहिला.

कबूल केल्याप्रमाणे सुकृतने तारीख बघून कळवली. चुंबकमापक बंद पडला तो अनंत चतुर्दशीला. पहिला इशारा गेला होता दसऱ्याला.